आधी टाकी मोजा: वसतिगृहातलं पाणी, वीज आणि अन्न वाचवायची आमची पद्धत

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं झालं की पहिल्याच रात्री गच्चीवर जायचं. सोबत एक लांब काठी आणि एक खिळा घ्यायचा. टाकीचं झाकण उघडून काठी तळाला टेकेपर्यंत बुडवायची, ओल जिथवर आली तिथे खिळ्यानं खूण करायची, मोटर बंद करायची आणि खाली यायचं. सकाळी पुन्हा वर जाऊन तीच काठी तिथेच बुडवायची. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे कुणीही न वापरता गेलेलं पाणी.

आमची टाकी अडीच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद आहे. २०१६ च्या दिवाळीत मी पहिल्यांदा हे मोजलं, तेव्हा दोन खुणांमध्ये १२ सेंटीमीटर अंतर निघालं. २.५ गुणिले २ गुणिले ०.१२, म्हणजे ०.६ घनमीटर. ६०० लिटर. रात्री दहा ते सकाळी सहा. इमारतीत मी, वॉचमन आणि परीक्षेसाठी थांबलेल्या तीन मुली, एवढीच माणसं होतो आणि पाचही जण झोपलेलो.

मी लातूरमध्ये मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. तीन मजले, १६० मुली. ज्या वर्षी हे मोजलं त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेगाडीनं या शहराला पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. पाणवठ्यांवर जमावबंदी लावायची वेळ आली होती. पुढे पाऊस चांगला झाला, मांजरा धरण भरलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी त्या सकाळी गच्चीवर उभी राहून हिशेब केला. आठ तासांत ६०० लिटर, म्हणजे दिवसाला १,८००. टाकी वर्षभर भरलेली राहिली तर साडेसहा लाख लिटर. त्या पहिल्या गाडीत मावलं होतं त्याहून जास्त पाणी आमच्या एका इमारतीतून थेट गटारात जात होतं, आणि आम्ही मुलींना 'पाणी जपून वापरा' असे फलक रंगवायला लावत होतो.

म्हणून सांगते, वसतिगृह पर्यावरणस्नेही करायचं असेल तर सौर पॅनलची चौकशी, घोषवाक्य स्पर्धा, ५ जूनचं वृक्षारोपण हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी टाकी मोजा. वसतिगृह घरासारखं नसतं. इथे दरवर्षी एक तुकडी निघून जाते आणि दुसरी येते. कुणा एका हौशी मुलीच्या जोरावर उभं राहिलेलं काम ती पास झाली की जूनमध्ये बंद पडतं, हे मी तीनदा पाहिलं. जे काम नळात, तारेत, वहीत आणि कुणाच्या तरी पगारात बसवलं, तेच टिकलं. खाली लिहिलेलं सगळं त्याच कसोटीवर घेतलंय.

गळती कशी शोधायची

काठीनं गळती आहे हे कळतं, कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी एक दिवस मोडा. आमच्याकडे ९४ नळ निघाले. ऑइलपेंटनं प्रत्येक नळाच्या वरच्या फरशीवर नंबर टाकला: मजला आणि अनुक्रमांक, २-१४, ३-०७ असा. तोवर तक्रारवहीत 'वरच्या बाथरूमचा नळ गळतो' असं लिहिलेलं असायचं, आणि प्लंबर मामा चार बाथरूम फिरून 'कुठं गळतंय?' विचारत परत यायचे. नंबर पडल्यापासून तक्रार चार अक्षरांची झाली आणि काम त्याच दिवशी व्हायला लागलं.

गळणाऱ्या नळाखाली लिटरचा मग ठेवून घड्याळ लावा. ३-०७ खाली मग ४० मिनिटांत भरला. म्हणजे दिवसाला ३६ लिटर, एका मुलीच्या आंघोळीहून जास्त. कारण काय, तर दोन-चार रुपयांचं वायसर झिजलेलं. असे १७ नळ होते.

फ्लशची टाकी मात्र आवाज न करता गळते. टाकीत चिमूटभर जिलेबीचा रंग टाका आणि पंधरा-वीस मिनिटं कुणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यात केशरी ओघळ दिसला तर आतलं रबर गेलं. आमची सर्वांत मोठी चोरी इथेच सापडली: तळमजल्यावरच्या दोन टाक्या रात्रंदिवस झिरपत होत्या. जुन्या दहा लिटरच्या टाक्या बदलायला पैसे नसतील तर पाण्यानं भरलेली, घट्ट झाकणाची एक लिटरची बाटली आत उभी ठेवा, दर फ्लशला लिटर वाचतो. वीट ठेवू नका. ती विरघळून तिची माती रबराखाली अडकते आणि टाकी आणखी गळायला लागते.

दुरुस्तीची व्यवस्था बदलली, हा यातला खरा भाग. पूर्वी काही बिघडलं की अर्ज, अर्जावर सही, मग प्लंबरला फोन. यात आठवडा जायचा आणि आठवडाभर पाणीही जायचं. आता प्लंबर मामांना महिन्याचा ठरावीक मोबदला आहे आणि महिन्याचा पहिला शनिवार त्यांचा. माझ्या खोलीत एका डब्यात वायसर, टेफ्लॉन टेप, दोन-तीन स्पिंडल, फ्लशची रबरं कायम असतात. हा मोबदला मंजूर करून घ्यायला मला दीड वर्ष लागलं. 'गळती नसेल त्या महिन्यात त्यांना कशाचे पैसे द्यायचे?' असा प्रश्न हिशेब पाहणाऱ्यांकडून यायचा. शेवटी मी एक-एका टँकरची पावती आणि गळतीचा हिशेब शेजारी शेजारी लावून दिला, तेव्हा सही झाली. तुम्हीही शब्दांत मांडू नका, पावतीसमोर पावती ठेवा.

टाकी भरून वाहणं हाही गळतीचाच प्रकार. मोटर लावून विसरणं कुणाकडूनही होतं, त्यात वॉचमनला बोलून उपयोग नाही. पातळी भरली की मोटर आपोआप बंद करणारा कंट्रोलर बसवा. वाहून जाणाऱ्या पाण्याचा पाइप मुद्दाम अशा ठिकाणी सोडा की पाणी पडायला लागलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर शिंतोडे उडतील. आमचा पूर्वी मागच्या भिंतीआड होता, महिनोन्‌महिने कुणाला पत्ता नसायचा.

क्षारांशी गाठ

मराठवाड्यात बोअरचं पाणी म्हणजे क्षार. बादलीवर पांढरा थर, केसांची वाट, नळांच्या तोंडाशी चुन्याची फुलं. शहरातून आलेल्या सल्लागारांच्या याद्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत.

नळाच्या तोंडाला लावायची जाळी, एरेटर, सगळीकडे सुचवतात. साधा नळ मिनिटाला दहा-बारा लिटर सोडतो, एरेटरनं ते तीन-चारवर येतं. आम्ही उत्साहानं सगळ्याच नळांना लावले आणि चूक केली. बादली भरायच्या नळाला एरेटर लावून काहीच वाचत नाही, वीस लिटरची बादली वीस लिटरच घेणार, फक्त रांग वाढते आणि मुली ती जाळी काढून टाकतात. त्यांचं बरोबर आहे. एरेटर फक्त बेसिनला लावा, जिथे दात घासताना, हात धुताना नळ वाहता राहतो. आणि क्षारांनी तो तीन महिन्यांत बुजतो, म्हणून काढून रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवा. एका तांब्याभर कोमट पाण्यात दोन चमचे पुरतात. सकाळी जुन्या टूथब्रशनं घासलं की क्षार चुन्याच्या पापुद्र्यासारखे सुटून येतात आणि छिद्रं मोकळी होतात.

पिण्यासाठी आरओ बसवलेला असेल तर त्याचा मागचा पाइप कुठे जातो ते आज बघा. आमचं यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे जवळपास एक लिटर बाहेर फेकतं. घरगुती लहान यंत्रं तर तिप्पट फेकतात. आम्ही तो पाइप पाचशे लिटरच्या काळ्या टाकीत सोडला, टाकीला खाली तोटी लावली आणि तिच्यावर लाल रंगानं 'पिऊ नये' लिहिलं. हे पाणी फरशी पुसायला आणि संडास धुवायला उत्तम. झाडांना घालू नका. आम्ही पहिल्या उन्हाळ्यात घातलं, आणि मोगऱ्याच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी झाल्या. क्षार गाळून उरलेलं पाणी म्हणजे क्षार दुप्पट झालेलं पाणी, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

त्याआधी हेही विचारा की आरओ लागतोच का. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले मानले आहेत, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलं आहे. नळाला धरणाचं पाणी येत असेल तर ते बहुतेकदा साध्या गाळणीवर आणि अतिनील दिव्यावर भागतं. पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि मग यंत्र ठरवा. विकणाऱ्याच्या हातातल्या मीटरवर ठरवू नका.

गरम पाणी

हिवाळ्यात मुली लपवून हिटिंग रॉड वापरतात. प्रत्येक रेक्टरला हे माहीत असतं आणि प्रत्येक रेक्टर रॉड जप्त करते. मीही केले, एका हिवाळ्यात २३. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेवढेच. मग एकदा बसून आकडा काढला: पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ४५ पर्यंत न्यायला जवळपास अर्धं युनिट लागतं. शंभर मुलींनी रोज केलं तर ५० युनिट, शिवाय प्लास्टिकच्या बादलीत उघडी कॉइल आणि ओली फरशी. पाणी वेळेवर गरम मिळत नाही तोवर रॉड येतच राहणार, म्हणून पाण्याकडे वळलो.

आमचं पहिलं सौर यंत्र तांब्याच्या नळ्यांचं, सपाट पॅनलचं होतं. बसवणाऱ्यानं आमच्या पाण्याबद्दल एक शब्द विचारला नाही, आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. दोन वर्षांत नळ्या क्षारांनी बंद झाल्या. कापून पाहिली तेव्हा करंगळी जाईल एवढ्या नळीत पेन्सिलीच्या शिशाएवढी वाट उरली होती. जड पाणी असेल तर दोन मार्ग आहेत: काचेच्या निर्वात नळ्यांचं यंत्र, किंवा पॅनलमध्ये वेगळं पाणी फिरून वापरायचं पाणी टाकीत बाहेरून तापवणारं, हीट एक्स्चेंजरचं यंत्र. आम्ही काचेच्या नळ्या घेतल्या. क्षार तिथेही बसतात, पण नळी रुंद असल्यानं वर्षातून एकदा धुता येते. माणशी १५ लिटर धरून १६० मुलींना २,४०० लिटरची सोय पुरते, कारण टाकीतलं पाणी ६० अंशांच्या आसपास असतं आणि निम्मं गार मिसळावं लागतं.

एक गोष्ट कुठल्याच कोटेशनमध्ये नसते. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत पाइपात रात्रभर गार झालेलं पाणी उभं असतं. सकाळी पहिली मुलगी गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या सोडून देते. पाइपांवर फोमचं आवरण घाला, आणि प्रत्येक बाथरूमच्या दाराशी एक पिंप ठेवा, ज्यात हे पहिलं पाणी जाईल. ते कपड्यांना, फरशीला लागतं. आमच्या मुली त्याला 'पहिली धार' म्हणतात. 'पहिली धार काढली का गं?' असं सकाळी साडेपाचला ओरडून विचारतात.

रॉड अजूनही सापडतो, पण ढगाळ आठवड्यात, एखादाच.

पाऊस

सूत्र एवढंच: एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमची गच्ची ५०० चौरस मीटर. साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असं मानलं तरी तीन लाख लिटर. दहा हजार लिटरचे तीस टँकर.

पन्हळीचे पाइप एकत्र आणून खडी-वाळूच्या गाळणीतून हौदात, आणि हौद भरला की बोअरशेजारच्या खड्ड्यात. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडता येईल असा व्हॉल्व्ह ठेवा, त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण असते. मृग लागायच्या आधी गच्ची झाडून काढा. पावसाळ्यात गच्चीवर कपडे वाळत घाला, धुवू नका, साबण थेट बोअरमध्ये उतरतो. हे मुलींना एकदा कारण सांगून सांगितलं की पुरतं.

वीज

पंखा हा वसतिगृहाचा मोठा खर्च आहे. दिव्यांचं सगळे बोलतात, पण ट्यूब बदलून एलईडी लावून झालं की तिथला विषय संपतो. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. लातूरच्या उन्हाळ्यात पंखा दिवसाला पंधरा तास चालतो. थंडीचे दिवस आणि सुट्ट्या वगळून २४० दिवस धरले तर एका पंख्यामागे वर्षाला १६० युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरा, सोळाशे रुपये. तीन हजारांचा पंखा दोन वर्षांत फिटतो. आम्ही एकदम सगळे बदलले नाहीत. जो पंखा जळेल, त्याचं रिवाइंडिंग करायचं नाही, त्या जागी बीएलडीसी घ्यायचा, असा ठराव केला. पाच वर्षांत ५६ पैकी ४१ झाले. रिमोट मात्र हरवतात. भिंतीवरच्या बटणानं वेग बदलणारा प्रकार मिळतो, तोच घ्या.

मजल्यावार वेगळे मीटर बसवा. अख्ख्या इमारतीचं एकच बिल असेल तर ते कुणाचंच नसतं. आमच्याकडे दर रविवारी तिन्ही मजल्यांचं रीडिंग जिन्याजवळच्या फळ्यावर लिहिलं जातं. बक्षीस नाही, दंडही नाही, नुसता आकडा. मागच्या डिसेंबरात दुसऱ्या मजल्याचा आकडा अचानक दीडपट झाला. मुलींनीच शोधून काढलं: अभ्यासिकेतल्या पाणी गार करायच्या यंत्राचा थर्मोस्टॅट बिघडला होता आणि ते थंडीतही अखंड चालत होतं.

जिना, व्हरांडा, फाटकाकडे जाणारी वाट इथले दिवे मात्र काटकसरीतून वगळा. मुलींच्या वसतिगृहात अंधार करून वाचवलेली वीज मला नको. कमी वॉटचा एलईडी लावा, पण तो रात्रभर जळू द्या.

गच्चीवर वीज तयार करायची असेल तर एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट लागतात आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. ऊन सर्वांत कडक असतं त्या मे महिन्यात वसतिगृह रिकामं असतं, तेव्हा तयार झालेली वीज बिलातून वजा करून मिळणार आहे का, म्हणजे नेट मीटर मिळतो का, हे आधी पक्कं करा. आणि गळती, पंखे, गरम पाणी झाल्यानंतरच आकार ठरवा, नाहीतर वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनल विकत घ्याल.

मेस

इथे मी सर्वांत जास्त चुकले. रोज खरकट्याची बादली भरून जायची, आणि मी प्रार्थनेच्या वेळी मुलींना शेतकऱ्याच्या कष्टाबद्दल बोलायचे. त्यातल्या निम्म्या मुली शेतकऱ्यांच्या घरच्या होत्या. एका सोयाबीनवाल्याच्या मुलीनं मला शांतपणे सांगितलं, 'मॅडम, भाजी कमी वाढा म्हटलं तर वाढणाऱ्या मावशी म्हणतात, नंतर मागायला येऊ नको.'

तेव्हा दोन बादल्या केल्या आणि वजनकाटा आणला. एका बादलीत ताटात उरलेलं, दुसरीत पातेल्यात उरलेलं. पंधरा दिवस नुसतं वजन लिहिलं. निघालं असं, की जास्त अन्न ताटात नव्हे, पातेल्यात उरत होतं. शनिवारी-रविवारी तर दुप्पट. आसपासच्या तालुक्यांतल्या मुली शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी जातात आणि स्वयंपाक १६० जणींचा होतो.

उपाय साधा निघाला. मेसच्या दारात नावांचा फळा आणि प्रत्येक नावापुढे एक खिळा. रात्री जेवणार नसेल तर सकाळी दहापर्यंत त्या खिळ्याला लाल चकती अडकवायची. मावशी दहा वाजता चकत्या मोजतात आणि मगच कणीक मळायला घेतात. जिनं चकती लावली तिला त्या जेवणाचे पैसे महिनाअखेरीस वळते होतात. हे पैसे वळते होणं आवश्यक आहे, त्याशिवाय फळा आठ दिवसांत ओस पडतो. मेस ठेकेदाराकडे असेल तर करार करतानाच हे कलम घाला.

वाढताना मोठा डाव काढून अर्ध्या मापाचा आणला. हवं तितक्यांदा या, पण एका वेळी अर्धा डाव. पोळ्या एकदम करून ठेवण्याऐवजी दोन घाण्यांत, साडेसातला आणि सव्वाआठला. गार, वातड पोळी टाकली जाते, गरम पोळी टाकली जात नाही. मावशींनी सुरुवातीला तक्रार केली, त्यांचा तवा जास्त वेळ पेटता राहत होता. आम्ही भांडी घासायला त्या वेळेपुरती एक बाई वाढवली, तेव्हा जमलं. कुणाच्या तरी फुकटच्या कष्टावर उभी केलेली बचत चालत नाही आणि चालूही नये.

भाजीची देठं, साली, थोडं खरकटं यासाठी विटांच्या तीन जाळीदार हौद्या बांधल्या. एक भरायची, एक मुरायची, एक उपसायची. ओल्या कचऱ्याच्या एका थरावर वाळलेल्या पानांचे दोन जाड थर. आवारातल्या लिंबाची आणि पिंपळाची पानं पूर्वी जाळली जायची, आता पोत्यांत भरून ठेवतो. सुरुवातीला शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडा. वास आला तर ओल जास्त झाली, पानं घाला. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलं, पाणी शिंपडा. आठवड्यानं हात घालून बघा, मधोमध चांगलं गरम लागलं पाहिजे. दोन-अडीच महिन्यांत मूठ वळली तर वळते आणि सोडली तर मोकळी होते, असं काळं खत हाती येतं, त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास असतो.

बायोगॅसचाही विचार केला होता. पुण्याच्या आरती (ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्या, पिठूळ अन्नावर चालणारं लहान संयंत्र विकसित केलं, ते बारमाही चालणाऱ्या स्वयंपाकघराला फार चांगलं. पण वसतिगृहाला उन्हाळ्यात दीड महिना सुट्टी असते आणि संयंत्र उपाशी राहतं. म्हणून आम्ही खतावर थांबलो.

पाळीच्या पॅडचं काय

याबद्दल लिहिताना लोक आवंढा गिळतात, म्हणून सरळ लिहिते. १६० मुली म्हणजे महिन्याला दीड-दोन हजार पॅड. ते कचऱ्यात उघडे गेले तर हातानं वेगळे कोण करतं? सफाईच्या मावशी. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं रेड डॉट मोहीम चालवली: पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. आम्ही प्रत्येक बाथरूममध्ये वर्तमानपत्राचे कापलेले चौकोन आणि दोरीला बांधलेलं लाल स्केचपेन ठेवलं. एवढंच. जाळायचं लहान यंत्र आम्हाला मिळालं होतं, पण ते पुरेसं तापत नव्हतं आणि व्हरांडाभर जळक्या प्लास्टिकचा धूर व्हायचा. ते बंद केलं.

कापडी पॅड आणि पाळीचे कप यांची माहिती द्यायला वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंना बोलावतो. सक्ती कधीच नाही. पण ज्या मुलींना कापडी पॅड वापरायचे आहेत त्यांना ते वाळवायला ऊन आणि आडोसा दोन्ही हवेत. गच्चीच्या एका कोपऱ्यात हिरव्या जाळीचं कुंपण करून आत दोऱ्या बांधल्या. त्याआधी मुली ते पलंगाखाली, ओलसर अंधारात वाळवत होत्या.

मे ते जून

परीक्षा संपल्या की वसतिगृहातून बादल्या, मग, गाद्या, हँगर, आरसे, चपला, गाइडं यांचा डोंगर निघतो. जूनमध्ये नव्या मुली येतात आणि बाजारातून नेमक्या त्याच वस्तू विकत आणतात. आम्ही मेमध्ये खोली सोडायच्या फॉर्मवर एक ओळ वाढवली: 'काय ठेवून जाणार?' बादल्या धुऊन, लिंबूसत्त्वानं क्षार काढून, कोठीत रचतो. जूनमध्ये नवीन मुलीला बादली, मग आणि दोरी पन्नास रुपये अनामत ठेवून मिळते, जाताना परत केली की पैसे परत. पुस्तकं अभ्यासिकेच्या कपाटात जातात. गाद्या दोन दिवस कडक उन्हात टाकून मगच द्या.

ही सगळी कामं करतं कोण, हे शेवटी सांगते कारण लोक तेच विचारायला विसरतात. 'कमवा आणि शिका' योजनेतून आमच्याकडे तीन मुली आहेत. एक मीटर आणि टाकीची वही लिहिते, एक मेसचं वजन, एक कोठी आणि खत. त्यांना तासांप्रमाणे पैसे मिळतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहून आपली कामं आपण करत होती. त्या परंपरेतली ही योजना फायली लावायला आणि शिक्के मारायला वाया घालवू नका. निवड करताना एक प्रथम वर्षाची, एक द्वितीय, एक तृतीय अशा घ्या. तिसरी जाईल तेव्हा पहिली शिकलेली असते.

वही एकच ठेवा, जाड पुठ्ठ्याची, मोबाइलवर नको. पहिल्या पानावर टाकीची लांबी-रुंदी, नळांचा नकाशा, व्हॉल्व्ह कुठे आहेत त्याचं चित्र. दुसऱ्या पानावर प्लंबर मामा, इलेक्ट्रिशियन, टँकरवाले यांचे नंबर. मग तारीखवार आकडे. जूनच्या पहिल्या आठवड्यात जुनी मुलगी नव्या मुलीला घेऊन गच्चीवर जाते, काठी बुडवून दाखवते आणि दोघी वहीवर सही करतात. गेल्या दिवाळीच्या पानावर दोन खुणांमधलं अंतर एक सेंटीमीटर लिहिलेलं आहे. म्हणजे अजून पन्नास लिटर कुठेतरी जातायत. मला संशय ३-०७ चाच आहे.